पेपरचे पैसे भरण्याआधी

लिंबागणेश आणि आसपासच्या गावांतून बीडला, तिथून छत्रपती संभाजीनगरला शिकायला गेलेली मुलंमुली आता पीएच.डी.लाही नाव नोंदवू लागली आहेत. हे आवाहन त्यांच्यासाठी आहे, आणि तितकंच त्यांच्या आईवडिलांसाठी. ‘पेपर छापायचाय, पैसे लागतील’ असा फोन आला की घरचे फार विचारत नाहीत. पोरगी शिकतेय, तिला कळतं, असं म्हणून सीताफळाच्या पट्टीतून किंवा ऊसतोडीच्या उचलीतून पैसे काढून देतात. माझी कळकळीची विनंती आहे: पैसे द्यायच्या आधी एवढंच विचारा, की हे जर्नल कुणाचा लेख परत पाठवतं का?

विज्ञानाच्या जर्नलचं, म्हणजे संशोधनाचे लेख छापणाऱ्या नियतकालिकाचं, सगळं मोल याच प्रश्नात आहे. लेख आला की संपादक तो त्या विषयातल्या दोनतीन जाणकारांना वाचायला देतात. ते चुका दाखवतात, आणखी पुरावा मागतात. लेख दुरुस्त होतो, पुन्हा वाचला जातो, आणि कित्येक लेख परत जातात. यात महिने जातात. ‘तीन दिवसांत प्रकाशन, सोबत सर्टिफिकेट’ असा व्हॉट्सअ‍ॅप संदेश येतो, तिथे हे काहीच होत नाही. २०१३ साली जॉन बोहॅनन या पत्रकारानं मुद्दाम ढोबळ चुका ठेवून एक बनावट लेख रचला आणि ३०४ जर्नलांना पाठवला. त्यातल्या १५७ जर्नलांनी तो स्वीकारला.

पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या या बाजारामुळे लोक ‘ओपन अ‍ॅक्सेस’ म्हणजे सर्वांना फुकट वाचता येणाऱ्या जर्नलांनाच नावं ठेवू लागले आहेत. ते मला पटत नाही. खुल्या प्रकाशनाची वाट आपल्याच राज्यात सचोटीनं चालून दाखवलेली आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातून आणि सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ १९५५ पासून निघतं. विसाव्या शतकाच्या अखेरीस, नव्याच्या सुरुवातीला डॉ. डी. के. साहू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते इंटरनेटवर सर्वांना खुलं केलं. लेखकाकडून पैसे नाहीत, वाचकाकडूनही नाहीत. फुकट दिलं तर छापील अंक कोण घेणार, ही भीती होती. उलट वर्गणीदार वाढले.

आणि खुलं असण्याचा फायदा कुणाला? आपल्याला. आपल्याकडच्या बालाघाट डोंगररांगेच्या माळरानावर विंचू काही नवा नाही. जालना जिल्ह्यात जन्मलेले, कोकणात महाडला रुग्णसेवा करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर आयुष्य घातलं. २०११ साली त्यांचा अभ्यास ‘बीएमजे’ या ब्रिटिश जर्नलात आला. प्राझोसिन या गोळीसोबत विंचवाच्या विषावरचं प्रतिविष दिलेल्या ३५ रुग्णांपैकी ३२ जण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसती गोळी दिलेल्या ३५ पैकी आठच. हा लेख फुकट वाचता येतो. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर रात्री मोबाइलवर तो उघडू शकतो. पण तो आकडा कुणीतरी कसून तपासलेला आहे, म्हणून त्याच्या भरवशावर औषध देता येतं. न तपासलेले लेख त्याच पडद्यावर, तशाच अक्षरांत दिसतात. म्हणून मला हा विषय नुसता पदवीचा वाटत नाही.

पैसे मागितले म्हणजे फसवणूकच, असंही नाही. चांगली जर्नलंही वाचकाला मोफत देतात तेव्हा खर्च लेखकाकडून किंवा त्याच्या संस्थेकडून घेतात. मात्र रक्कम आधीपासून संकेतस्थळावर लिहिलेली असते, आणि ऐपत नसेल तर बरीच जर्नलं ती माफही करतात. आधी मागून बघा.

‘यूजीसीमान्य’, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता, या शिक्क्यावर मात्र विसंबू नका. पुणे विद्यापीठाचे डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये यूजीसीच्या तेव्हाच्या यादीची तपासणी छापली. विद्यापीठांनी सुचवलेल्यांपैकी १,००९ जर्नलं त्यांनी पाहिली. एक तृतीयांशाहून जास्त जर्नलांचा धड पत्ता, संकेतस्थळ किंवा संपादकांची नावंही मिळेनात. निम्म्याहून जास्त जर्नलांनी खोटी माहिती दिलेली होती. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं ४,३०५ जर्नलं यादीतून काढली. पुढे २०१९ मध्ये तिच्या जागी ‘केअर’ ही नवी यादी आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीनं तीही बंद केली. आता पारख आपल्यालाच, आपल्या मार्गदर्शकांना आणि महाविद्यालयाला करायची आहे.

ही पारख अवघड नाही. आलेल्या लिंकवर बोट ठेवू नका, कारण नामांकित जर्नलांच्या हुबेहूब नकली साइटही असतात. नाव स्वतः शोधा. संपादक मंडळातल्या एखाद्या प्राध्यापकाला त्यांच्या महाविद्यालयाच्या पत्त्यावर विचारा, की आपण खरंच या जर्नलात आहात का. आधीचे दोन लेख पूर्ण वाचा. एकाच अंकात मराठी कविता, माती परीक्षण आणि जीएसटी असेल तर तिथून निघा. आयएसएसएन हा नुसता नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा दाखला नव्हे. खुलं जर्नल असेल तर डीओएजे या जागतिक सूचीत पाहा. स्वीडनच्या लुंड विद्यापीठात २००३ साली सुरू झालेली ही सूची मोफत आहे. आणि पीएच.डी.साठी पेपर छापलाच पाहिजे ही केंद्रीय अट यूजीसीनं २०२२ च्या नियमांत काढली आहे. तेव्हा आपल्या विद्यापीठाचा आजचा नियम लेखी मागा, मगच घाई करायची का ते ठरवा.

ज्यांचे पैसे आधीच गेलेत त्यांनी लाजून गप्प बसू नये. मार्गदर्शकांना सांगा, बरोबरच्या मुलांना सांगा. लेख मागे घ्यायचा म्हटल्यावर ही फसवी जर्नलं ‘माघारीची फी’ मागतात. ती देऊ नका. लेख मागे घेतल्याचं ईमेलनं कळवा, ती ईमेल जपून ठेवा, आणि मार्गदर्शकांच्या सल्ल्याशिवाय तोच लेख दुसरीकडे पाठवू नका.