फ्ल्यूची लस आणि पावसाळ्यापूर्वीचा हिशेब

पावसाळा तोंडावर आला की महाराष्ट्रातील प्रत्येक नगरपालिका व महानगरपालिका मान्सूनपूर्व कामांची यादी तयार करते. नालेसफाई, मोडकळीस आलेल्या इमारतींना नोटिसा, झाडांच्या फांद्यांची छाटणी ही कामे तीत ठरलेली असतात. घरोघरीही गळके पत्रे बदलले जातात, छत्र्या दुरुस्त होतात. या दोन्ही याद्यांत फ्ल्यूच्या लसीला मात्र स्थान नसते. तिची आठवण होते ती बहुधा ऑगस्टमध्ये, ‘स्वाईन फ्ल्यू’च्या बळींच्या बातम्या वर्तमानपत्रांत झळकू लागल्यावर, आणि तोवर वेळ बहुतांशी टळून गेलेली असते. दरवर्षी ही लस घ्यावी की घेऊ नये, हा प्रश्न वरकरणी खासगी व किरकोळ वाटतो. परंतु छत्रपती संभाजीनगरातील शहागंजसारख्या दाट वस्तीच्या संदर्भात तो तपासून पाहिला, तर त्याचे सार्वजनिक स्वरूप ध्यानात येते.

शहागंज ही जुन्या शहराची बाजारपेठ. घड्याळाच्या मनोऱ्याभोवती हातगाड्या, भाजीची दुकाने, कापडाची पेढी आणि प्रवाशांची ये-जा यांची दाटी असते. रमजान व दिवाळीत तर पाऊल ठेवायला जागा उरत नाही. खोकल्या-शिंकण्यातून पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीची जागा कोणती? येथील दुकानदार साठीच्या पुढे गेला तरी गल्ल्यावर बसतो, त्याला मधुमेह वा रक्तदाब असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही, आणि घरी नातवंडे असतात. म्हणजे रोग आणणारा, रोग पसरवणारा आणि रोगाने गंभीर होणारा असे तिघेही एकाच छपराखाली नांदत असतात.

साथ आणि स्मरणशक्ती

फ्ल्यू म्हणजे ‘साधा ताप’ ही समजूत आपल्याकडे पक्की रुजली आहे. इतिहास तिला दुजोरा देत नाही. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून देशात शिरलेल्या इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, ती प्रामुख्याने या साथीमुळे. ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात स्वाईन फ्ल्यूने देशातील पहिला बळी घेतला, तेव्हा शाळा ओस पडल्या आणि तपासणीसाठी रांगा लागल्या. पुढे साथ ओसरली, भीतीही ओसरली. विषाणू मात्र गेला नाही. तो नेहमीच्या हंगामी फ्ल्यूचाच एक प्रकार होऊन राहिला. सरकारी आकड्यांनुसार स्वाईन फ्ल्यूने महाराष्ट्रात २०१५ साली ९०५ आणि २०१७ साली ७७८ रुग्ण दगावले. हे आकडे केवळ प्रयोगशाळेत तपासणी झालेल्यांचे. न्यूमोनिया अथवा हृदयविकार अशी नोंद होऊन गेलेल्यांचा त्यात समावेश नाही. कॅनडातील संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवून दिले की, फ्ल्यूचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे सहापट होतो. गल्ल्यावर बसणाऱ्या साठीच्या दुकानदाराने ‘साधा ताप’ म्हणताना हे विसरता कामा नये.

लस काय करते, काय करीत नाही

लसीच्या पुरस्कर्त्यांनी तिचा अवास्तव गौरव केला, तर त्यातून अविश्वासच वाढतो. म्हणून तिच्या मर्यादा प्रथम मान्य केल्या पाहिजेत. देवीच्या लसीसारखी ही लस दीर्घकाळ अभय देत नाही. विषाणू दरवर्षी रूप पालटतो आणि लसीने आलेली प्रतिकारशक्तीही महिन्यागणिक ओसरते. यास्तव ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागते. लसीतील व फिरतीवरील विषाणूंचा मेळ चांगला बसला तरी आजाराचा धोका साधारणतः ४० ते ६० टक्क्यांनी कमी होतो. त्यामुळे ‘लस घेतली तरी ताप आला’ ही तक्रार खोटी नसते. परंतु लसीचे खरे माप ताप येण्या-न येण्यात नसून रुग्णालयात दाखल होण्याची पाळी टळण्यात आहे. ‘लसीमुळेच फ्ल्यू होतो’ हा समज मात्र निराधार होय. टोचून दिल्या जाणाऱ्या सर्वसाधारण लसीत जिवंत विषाणू नसतो. एक-दोन दिवसांची कणकण वा दंडाचे दुखणे याला आजार म्हणता येत नाही.

दुसरा मुद्दा वेळेचा. महाराष्ट्र भूगोलाने उत्तर गोलार्धात असला, तरी येथील फ्ल्यूचा मुख्य हंगाम थंडीचा नसून पावसाळ्याचा, जुलै ते सप्टेंबरचा आहे. श्रीनगरमध्ये तो हिवाळ्यात येतो. जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तरेसाठी व सप्टेंबरात दक्षिणेसाठी, लसीची घटना सुचवते. येथे उपयोग व्हायचा तर दक्षिण गोलार्धासाठी बनलेली ताजी लस एप्रिल-मे महिन्यांत घेणे श्रेयस्कर ठरते. कारण प्रतिकारशक्ती तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. हे साधे गणित फारच थोड्या घरांपर्यंत पोहोचले आहे. परिणामी साथ भरात असताना घाईने लस घेणारे पुष्कळ, आणि ती येण्यापूर्वी घेणारे विरळा, असे चित्र दिसते.

किमतीचा आणि खाड्याचा प्रश्न

मग निर्णय कोणी कसा घ्यावा? गर्भवती स्त्रिया, साठी ओलांडलेले वृद्ध, मधुमेह, दमा, हृदय वा मूत्रपिंडाचे विकार असणारे आणि रुग्णांची शुश्रूषा करणारे यांच्या बाबतीत फारशी चिकित्सा करण्याचे कारण नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी ही लस घ्यावी. सहा महिन्यांखालील अर्भकाला ही लस देता येत नाही. त्याला संरक्षण मिळते ते मातेने गरोदरपणी घेतलेल्या लसीतूनच. धडधाकट तरुणाने ती घेतली नाही, तर त्याला बेजबाबदार ठरवणे अन्यायाचे होईल. मात्र घरात आजारी वृद्ध किंवा तान्हे मूल असेल, तर त्यानेही विचार करावा.

परंतु हा विवेक खिशाला परवडला पाहिजे. खासगी दवाखान्यात एका मात्रेला साधारणतः दीड-दोन हजार रुपये पडतात. भाजीच्या गाडीवर संसार चालवणाऱ्या कुटुंबात लस घ्यावी अशी तीन माणसे असली, तर तो खर्च आणि वर एका दिवसाचा खाडा ही लहान रक्कम नव्हे. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात या लसीचा अंतर्भाव नाही. महाराष्ट्र सरकारने २०१५ पासून गर्भवती, मधुमेही व उच्च रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठी मोफत ऐच्छिक लसीकरण सुरू केले, हे निश्चितच दूरदृष्टीचे पाऊल होते. पण ज्या सोयीची वार्ता लाभार्थ्यापर्यंत जात नाही, ती कागदावरच राहते. शहागंजला ही लस अगदीच परकी आहे असेही नव्हे. हज यात्रेस निघणाऱ्या वृद्ध यात्रेकरूंना मेंदूज्वराच्या लसीबरोबर फ्ल्यूची लसही सरकारतर्फे दिली जाते. मक्केच्या गर्दीसाठी जी खबरदारी आवश्यक ठरते, ती शहागंजच्या गर्दीसाठी अनावश्यक कशी?

या शहराने सक्तीचाही अनुभव घेतला आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये करोना लसीकरणात जिल्हा मागे पडला, तेव्हा प्रशासनाने लसीच्या प्रमाणपत्रावाचून पेट्रोल, गॅस व रास्त भावाचे धान्य देऊ नये असा आदेश काढला होता. महासाथीच्या आणीबाणीत अशा उपायाचे समर्थन कोणी करूही शकेल. दरवर्षी घ्यावयाच्या लसीला तो मार्ग लागू पडत नाही. धान्य अडवून एकदा रांग लावता येते. पुढच्या मे महिन्यात माणूस आपणहून यावा, तर त्याला विश्वासच हवा. तो विश्वास डॉक्टर, परिचारिका, आशा कार्यकर्त्या, मशिदी-मंदिरांचे विश्वस्त आणि व्यापारी संघटना यांच्या बोलण्यातून उभा राहतो.

तेव्हा महानगरपालिकेने मान्सूनपूर्व कामांच्या यादीत एका ओळीची भर घालावी. मे महिन्यात जोखमीच्या रुग्णांसाठी पुरेसा साठा मागवावा, बाजार मिटल्यावर म्हणजे रात्रीच्या वेळी आरोग्य केंद्रे उघडी ठेवावीत, आणि मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला येणाऱ्याला तेथल्या तेथे लसीविषयी विचारावे. यासाठी नवी योजना नको, नवे खातेही नको. लस घ्यावी की नाही हे अखेर ज्याचे त्याने ठरवायचे आहे. पण हा निर्णय मे महिन्यात, पुरेशा माहितीनिशी आणि दिवसाची कमाई न बुडवता घेता यावा, ही जबाबदारी शासनाची आहे. ती टाळली गेली, तर शहागंजमधील निर्णय माणूस घेणार नाही; त्याचा रिकामा खिसा घेईल.