थरथरीचा पत्ता

‘गाडी थरथरते’ म्हणावं, की गॅरेजात उत्तर तयार असतं: ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग करून टाकू.’ मीठ-मिरचीसारखा जोडीनेच उच्चारायचा हा शब्द. प्रत्यक्षात कामं दोन, दुखणी दोन. चाकांचे कोन चुकले तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेने झिजतो. ते अलाइनमेंटचं काम. थरथर सहसा बॅलन्सिंगची. रिमवरचं काही ग्रॅमचं वजन गळून पडलं, तरी ताशी 80-100 किलोमीटरला स्टेअरिंग हातात नाचू लागतं. खड्ड्यात आपटून रिमच वाकली असेल, तर मात्र कितीही वजनं चिकटवा, नाच थांबत नाही.

गाडी आपलं दुखणं बऱ्यापैकी नेमकं सांगते. थरथर हाताला जाणवली तर आधी पुढची चाकं पाहावीत, सीटमधून जाणवली तर मागची. फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर ब्रेक डिस्क. वेगासोबत चढत जाणारी घूं-घूं डावीकडे वळताना वाढली, तर उजव्या चाकाच्या बेअरिंगवर संशय घ्यावा. कारण तेव्हा भार उजवीकडे जातो. टायरवरून तळहात फिरवून पाहावा. उंचसखल लागलं तर आवाज टायरचा. पण शॉक अॅब्सॉर्बर तपासल्याशिवाय नवा टायर घातला, तर तोही तसाच झिजेल. सिमेंटच्या रस्त्यावरची गुणगुण डांबर लागताच विरली, तर एक पैसाही खर्चू नये. ती रस्त्याची.

एका लक्षणाला मात्र सवलत नाही. हळू वेगातही चाक ठेक्यात धपधपत असेल, तर उतरून टायरच्या दोन्ही कडा पाहाव्यात. फुगा दिसला, तर तो टायर त्याच दिवशी बदलावा. ‘समृद्धी’ महामार्गावर कारला ताशी 120 ची मुभा आहे, आणि तिथे फुगा फुटला तर सावरायला वेळ मिळत नाही. आपण मात्र आवाज वाढला की गाण्याचा आवाज वाढवतो.

डॉक्टरने नाडी न पाहता औषध लिहिलं तर आपण कुरकुरतो. मिस्त्रीने गाडी न चालवता बिल फाडलं तर मुकाट पैसे मोजतो. पुढच्या वेळी किल्ली देण्याआधी म्हणावं, ‘बसा शेजारी, एक चक्कर मारून येऊ.’ जो बसेल, त्याच्याच हाती गाडी द्यावी.