आधी अर्ज, मग भिंत



"जागा आपली, पैसा आपला. दोन भिंती इकडच्या तिकडे केल्या तर विचारायचं कुणाला?" केंदूरमध्ये आणि आजूबाजूला घराचं काम निघालं की हे ऐकू येतंच. मला हे अजिबात पटत नाही. मंजूर नकाशा बदलायचा असेल तर सुधारित नकाशाचा अर्ज करूनच बदलावा, आणि हा आग्रह घरातल्या बाईने धरावा.

बाईनेच का? कारण बदल बहुतेक आपल्याच भागात होतात. वास्तुवाला येऊन स्वयंपाकघर आग्नेयेला न्यायला सांगतो, धुणंभांड्याची जागा जिन्याखाली जाते, सुनेच्या खोलीची खिडकी बुजते. पुरुषमंडळी उभ्या उभ्या मिस्त्रीला सांगून मोकळी होतात. नकाशा मंजूर होताना आपल्याला कुणी विचारलेलं नसतं आणि बदलतानाही विचारत नाहीत. पण घर आपल्या नावावर असलं तर नोटीस मात्र आपल्याच नावाने येते.

नियम वाटतो तितका जाचक नाही. राज्याची एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झाली. काम चालू असताना मंजूर नकाशात मोठा फरक करायचा असेल, तर सुधारित नकाशा देऊन पहिल्यासारखीच मंजुरी घ्यावी, असं ती सांगते. पण घराच्या आतल्या मांडणीतले जे बदल चटईक्षेत्राचा किंवा दुसरा कुठला नियम मोडत नाहीत, ते अनधिकृत धरले जात नाहीत. ते काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यासोबतच्या नकाशात दाखवायचे. म्हणजे ओट्याची दिशा बदलायला कुणी अडवत नाही. पुढे खोली काढणं, बाजूची मोकळी जागा खाणं, वर मजला चढवणं यांना मात्र अर्ज लागतो.

"गावात आता परवानगी लागत नाही," असंही छातीठोकपणे सांगतात. २०२१ मध्ये गावांसाठी सवलत जाहीर झाली ती अशी: १५० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांपर्यंत, मालकीची कागदपत्रं, नकाशा आणि परवानाधारक अभियंत्याचा दाखला ग्रामपंचायतीत द्यायचा, शुल्क भरायचं आणि काम सुरू करायचं. त्यापुढे ३,२०० चौरस फुटांपर्यंत ग्रामपंचायतीने दहा दिवसांत प्रमाणपत्र द्यायचं. यात हेलपाटे कमी झाले, नियम कमी झाले नाहीत. नकाशा नियमात बसतो असं अभियंता लिहून देतो. तुम्ही वेगळंच बांधलंत तर तो दाखला तुमच्या घराचा राहत नाही.

आणि सगळ्यात लाडकं वाक्य: "बघू, नंतर दंड भरू." १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात अनधिकृत बांधकामासाठी कैदेची तरतूद आहे आणि कलम ५३ खाली पाडण्याची नोटीस येऊ शकते. नोटिशीनंतर बांधकाम ठेवू द्यावं असा अर्ज करता येतो, पण ते नियमात बसत असेल तरच मंजूर होतो. मग नियमात बसणाऱ्या बदलाचा अर्ज आधीच का करू नये? आणि जो बसतच नाही, त्याचं काय करणार? जुनी बांधकामं शुल्क घेऊन वाचवण्यासाठी २०१७ मध्ये जी सोय केली, तीही ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतच्याच बांधकामांसाठी होती.

मी कॉमर्सची पदवीधर, म्हणून हिशोबाचंही बोलते. गृहकर्जाचा हप्ता सोडण्याआधी बँक मंजूर नकाशा मागते. तिचा माणूस जागेवर येऊन नकाशात नसलेली खोली बघतो आणि पुढचा हप्ता अडकतो. घर विकताना, भावाभावांत वाटणी होताना तीच खोली पुन्हा वादात येते. अर्जाचं शुल्क आणि अभियंत्याची फी यापुढे फार थोडी.

शेजाऱ्याच्या बाजूची मोकळी जागा बांधून टाकली की त्याचा उजेड आणि वारा जातो. न दिलेलं घेणं म्हणजे अदत्तादान, हे आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याचा नियम ओलांडणं, हाही आहे. व्रत सांभाळायचं आणि बांधकामात मात्र "चालतंय" म्हणायचं, हे कसं जमतं?

कार्यालयांना दोष नाही असं मी म्हणत नाही. हेलपाटे होतात, भाषा कळत नाही. म्हणून तर पोच घ्यायची. पूर्ण अर्जाला ६० दिवसांत उत्तर आलं नाही, तर परवानगी मिळाली असं कायदा मानतो, मात्र प्रस्ताव नियमात बसणारा हवा. तोंडी सांगितलेल्याला पोच नसते.

तेव्हा मैत्रिणींनो, ज्यांच्याकडे काम चालू आहे त्यांनी मंजूर नकाशाची प्रत मागून घ्या आणि टेप घेऊन जागेवर जा. फरक दिसला तर अभियंत्याला थेट विचारा, हा बदल आतल्या मांडणीचा आहे की अर्जाचा? अर्जाचा म्हणाला, तर पोच हातात येईपर्यंत मिस्त्रीला वीट ठेवू देऊ नका. घरचे चिडतील, चार दिवस काम थांबेल. थांबू द्या.