रस्ता कोण अडवणार?

आज 30 सप्टेंबर. 1993 साली याच तारखेला, गणपती विसर्जनाची रात्र सरत असताना, पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे आपल्याच माळवदांखाली गाडली गेली. लातूर आणि धाराशिव या दोन जिल्ह्यांत हजारो माणसे झोपेतच गेली. आज ठिकठिकाणी श्रद्धांजली वाहिली जाईल, आणि ती वाहिलीच पाहिजे. पण या दिवसाचा एक प्रश्न अजून आपल्या अंगावर आहे. 1992 पासूनच किल्लारी परिसराला हादरे बसत होते आणि लोकांना ते जाणवत होते. मोठ्या भूकंपाची वेळ आधी सांगता येत नाही, हे खरे. त्या वेळच्या नकाशात तर हा भाग देशातल्या सर्वांत सुरक्षित पट्ट्यात गणलेला होता. तरीही दगडमातीच्या भिंतींवरचे जड माळवद जोराच्या हादऱ्यात काय करेल, हे सांगायला भूकंपशास्त्रज्ञ लागत नव्हता. जमीन इशारे देत होती. त्यावरून काय करायचे आणि कोणी करायचे, हे मात्र कुठेच ठरलेले नव्हते.

तोच प्रश्न आता पुलांच्या बाबतीत विचारायला हवा. 2025 च्या सप्टेंबरात धाराशिवच्या परंडा आणि भूम तालुक्यांत असा पूर आला की, दुष्काळासाठी ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात माणसे वाचवायला हेलिकॉप्टर आणावे लागले. पूर ओसरला की पूल पुन्हा दिसू लागतो, कठड्यांत अडकलेला पालापाचोळा काढला जातो आणि वाहतूक सुरू होते. खांबाच्या बुडाशी असलेली माती किती वाहून गेली, हे वरून जाणाऱ्याला दिसत नाही. थोड्याच दिवसांत गाळप हंगाम लागतो आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे उसाचे ट्रॅक्टर त्याच पुलावर चढतात.

कुठे पूल पडला की 'पुलांना सेन्सर बसवा' ही मागणी हमखास होते. मागणी चुकीची नाही. प्रत्येक पुलाला त्याची स्वतःची थरथर असते. वाहन गेले, वारा लागला की तो सेकंदाला ठरावीक वेळा हलतो. तुळईला चिकटवलेला कंपनमापक ही थरथर टिपत राहतो. पुलाचा ताठपणा कमी झाला की तिचा वेग मंदावतो. बाजारात मडके वाजवून घेणारी बाई कानाने जे ओळखते, तेच हे यंत्र आकड्यांत सांगते. महाराष्ट्राला ही विद्या नवी नाही. 11 डिसेंबर 1967 च्या भूकंपात कोयना धरणातल्या अशाच उपकरणाने टिपलेली नोंद जगभरच्या धरण अभियंत्यांनी अभ्यासली आहे.

पण यंत्राच्या मर्यादाही ठाऊक असलेल्या बऱ्या. पूल धडधाकट असताना त्याची नोंद घेतलेली नसेल, तर आजच्या आकड्याची तुलना कशाशी करणार? उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात पुलाची थरथर आपोआप बदलते. हा ऋतूंचा फरक कळण्यासाठी निदान वर्षभराची नोंद हाताशी हवी. किल्लारी हादरली त्याच 1993 साली अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये, रिओ ग्रांडे नदीवरच्या पाडायला काढलेल्या पुलाची तुळई मुद्दाम टप्प्याटप्प्याने कापून मोजमाप केले गेले. सुरुवातीच्या कापांनी आकडे जवळपास हललेच नाहीत. ठळक फरक पडला तो शेवटच्या, सर्वांत खोल कापानंतर. शिवाय आपल्या ओढ्यानाल्यांवर आहेत ते आखूड गाळ्यांचे पूल, मोऱ्या आणि पावसाळ्यात पाण्याखाली जाणारे फरशी पूल. त्यांचा घात बहुधा पुराचे पाणी आणि उघडा पडलेला पाया करतो. तिथे महागड्या कंपनमापकांपेक्षा पाण्याची पातळी सांगणारे आणि खांब कलला तर कळवणारे साधे यंत्र जास्त उपयोगी पडेल. सेन्सरच्या संख्येवर कामाचे यश मोजणाऱ्यांनी हे आधी समजून घ्यावे.

तरी खरी उणीव यंत्राची नाहीच. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह नदीत गेल्या. त्या अंधारात पुढची वाहने अडवायला धावला तो जवळच्या गॅरेजमधला एक कामगार. रस्ता बंद करायचा हुकूम त्याला कोणी दिला नव्हता; तसा हुकूम हाती असलेला कोणी तिथे नव्हताच. 15 जून 2025 रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीसह कोसळला. तो धोकादायक आहे हे सांगणारा फलक तिथे होता. कुंडमळ्याला सेन्सर असता, तर त्यानेही फलकावर लिहिले होते तेवढेच सांगितले असते.

याच सावित्रीवर कोकण रेल्वेचाही पूल आहे. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांवरच्या पुलांना रेल्वेने पुराची सूचना देणारी यंत्रणा बसवली आहे. पण रेल्वेचे खरे बळ त्या यंत्रणेच्या मागे आहे. पाणी धोक्याच्या खुणेवर गेले की काय करायचे, हे नियमात लिहिलेले असते. पावसाळ्यात रुळांवरून गस्त घालणाऱ्या साध्या कर्मचाऱ्याला लाल दिवा दाखवून एक्स्प्रेस थांबवता येते. त्यासाठी त्याला मुंबईला फोन करावा लागत नाही, आणि गाडी उगाच थांबवली म्हणून कोणी त्याच्यावर डाफरत नाही. रस्त्यावर असा अधिकार कोणाकडे आहे? 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने वाहतूक रोखण्याचा अधिकार जिल्हा प्राधिकरणाला दिला आहे, पण रात्री दोन वाजता ओढ्याकाठी जिल्हाधिकारी नसतात. तिथे असतो तो पोलीस पाटील, कोतवाल किंवा बांधकाम विभागाचा मैलकुली. त्याने एसटी अडवली तर चालक हुज्जत घालतो, उसाचा ट्रॅक्टर अडवला तर कुणाचा तरी फोन येतो. एकदा असे झाले की पुढच्या वेळी तो रस्त्यावर येतच नाही.

म्हणून धाराशिवने या स्मृतिदिनी एक काम हाती घ्यावे. जिल्ह्यातल्या पूरप्रवण पुलांची यादी गावोगावच्या चावडीवर लावावी. प्रत्येक पुलावर धोक्याची रेषा ठळक रंगवावी आणि पाणी तिथवर चढले की रस्ता बंद करण्याचा लेखी अधिकार, नावानिशी, गावातल्याच एका माणसाला द्यावा. त्याच्या हाती अडसर, दिवा आणि शिट्टी असावी. त्याने सावधगिरीने बंद केलेला रस्ता नंतर अनावश्यक ठरला, तरी त्याला जाब विचारला जाणार नाही, हेही त्याच कागदावर लिहावे. पूर ओसरल्यावर अभियंत्याने पाया पाहून सही केल्याशिवाय जड वाहने सोडू नयेत. एवढी घडी बसल्यानंतर निवडक मोठ्या पुलांवर कंपनमापक जरूर बसवावेत. त्यांचा इशारा तेव्हा कुणा ठरलेल्या माणसाच्या फोनवर पोहोचेल आणि त्याला पुढे काय करायचे ते माहीत असेल. हा खर्च कागदाचा, रंगाचा आणि थोड्या धैर्याचा आहे. सेन्सरच्या निविदा निघायच्या तेव्हा निघोत. रस्ता अडवणाऱ्या माणसाच्या नेमणुकीचा आदेश या आठवड्यातही काढता येईल.