आयजीच्या जिवावर मांजर

इन्स्टाग्रामवर एक ठरलेली रील असते. पहिल्या दृश्यात चष्मा कपाळावर चढवलेले बाबा म्हणतात, "या घरात मांजर येणार नाही." दुसऱ्या दृश्यात तेच बाबा मांजराला पोटावर घेऊन दुपारी घोरत पडलेले असतात. खाली लाल बदामांचा पाऊस. बाबांच्या जागी कधी आई असते, कधी आजी. अशी एक रील मीही टाकली होती. गेल्या महिन्यात ती काढून टाकली. का, ते सांगतो.

माझं म्हणणं सरळ आहे. आमच्या पिढीतले बरेच जण मांजर दत्तक घेत नाहीत, आईला मांजर आणून देतात. दया आमची, कष्ट तिचे आणि कौतुक परत आमचंच. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण आमच्यासाठीच राखून ठेवलेली असावी.

आधी माझाच गुन्हा. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका ताईंना गाडीच्या बॉनेटमध्ये अडकलेला एक बोका सापडला. त्यांनी त्याला सांभाळलं, लसी दिल्या, नसबंदी करून घेतली आणि घर शोधायला सुरुवात केली. मी अर्ज भरला. घर स्वतःचं की भाड्याचं? खिडक्यांना जाळी आहे का? घरातल्या सर्वांची संमती आहे का? या शेवटच्या प्रश्नापुढे मी ‘हो’वर टिक केली. वेबसाइटवर कुकीजची परवानगी मागणारी चौकट आली की आपण न वाचता ‘मान्य’ दाबतो, तशी.

आईला कळलं तेव्हा बोका दारात होता. "मला विचारलंस?" एवढंच ती म्हणाली. मी म्हटलं, "अगं, बघ तरी किती गोड आहे." आमच्या घरात अंडंही येत नाही. मांजर मात्र मांसाहारीच असतं. मांसातून मिळणारं टॉरिन नसेल तर त्याची दृष्टी जाते, हृदय कमकुवत होतं. दूधपोळीवर ते जगवता येत नाही आणि बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचतही नाही. हे सगळं मी वाचलेलं होतं. त्या माशाच्या वासाच्या पाकिटाला दुपारी कात्री कोण लावणार, याचा विचार मात्र केला नव्हता. नाकाला ओढणी लावून ते काम आई करत होती.

नवीन मांजर लपतं. काही दिवस लपतं, काही वेळा काही आठवडे. त्याला एकच खोली द्यायची, एका कोपऱ्यात लिटरचा ट्रे, त्यापासून लांब अन्नपाणी. ओढून बाहेर काढायचं नाही. खोलीत कोणीतरी शांत बसून राहायचं, म्हणजे त्याला माणसाच्या वासाची आणि आवाजाची सवय होते. हे मी घरच्यांना व्यवस्थित समजावून सांगितलं आणि सोमवारी हिंजवडीला ऑफिसला निघून गेलो. ‘कोणीतरी’ या शब्दाचा आमच्या घरातला अर्थ मला सोयीस्कररीत्या ठाऊक होता.

नवव्या दिवशी त्याने माझ्या गादीवर मुतून ठेवलं. मी वैतागून म्हणालो, "हा रुळत नाहीये, परत देऊ." आई म्हणाली, "परत द्यायला ती काय ऑनलाइन मागवलेली चप्पल आहे?" मग ती रोज त्या खोलीत जमिनीवर बसून भाजी निवडू लागली. तिचे गुडघे दुखतात, तरीही. अकराव्या दिवशी बोका दिवाणाखालून बाहेर आला आणि मेथीच्या काड्या हुंगू लागला. मी त्याचं नाव ‘पिक्सेल’ ठेवलं होतं. तो ‘बाळ्या’ या हाकेला येतो.

इथेच रील संपते. खरी गोष्ट पुढे आहे.

आमच्या कंपनीत सर्व्हर रात्री पडला तर कोणाला उठवायचं याचं वेळापत्रक असतं. ऑन-कॉल कोण, तो नसेल तर कोण, सगळं लिहिलेलं. घरातल्या मांजराला असं वेळापत्रक नसतं, कारण तिथे एकच माणूस कायम ऑन-कॉल असतं. मागच्या उन्हाळ्यात आईच्या लक्षात आलं, की बाळ्या सकाळपासून चारदा ट्रेमध्ये जाऊन बसला, पण ट्रे कोरडा आहे. बोक्यांचा मूत्रमार्ग अरुंद असतो. तो तुंबला तर एकदोन दिवसांत जीव जाऊ शकतो. आईला हे माहीत नव्हतं. तिला फक्त ट्रे माहीत होता, कारण तो तीच साफ करायची. तिने मला सहा फोन केले. मी मीटिंगमध्ये होतो, फोन सायलेंटवर. शेवटी बास्केटला ओढणीची गाठ मारून ती रिक्षाने डॉक्टरांकडे गेली. नळी घालून त्याला मोकळं केलं. बाळ्या वाचला. आता सांगा, या मांजराला ‘रेस्क्यू’ कोणी केलं?

यावर मित्र म्हणतात, "पण काकूंना लळा लागलाच ना?" लागला. खरा लागला. पण नंतर लागलेला लळा म्हणजे आधी न विचारल्याची माफी नव्हे. न विचारता लावून दिलेल्या किती लग्नांचं आपल्याकडे असंच समर्थन झालं आहे, ‘पुढे रमलीच की.’ त्या वाक्याची चीड येणारी आमची पिढी रीलमध्ये तेच वाक्य संगीत लावून वाजवते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. सगळ्यांच्या संमतीची वाट बघत बसलो तर पिल्लं रस्त्यावर मरतील. मरतातच. पण संमती नसलेल्या घरात गेलेली मांजरंही रस्त्यावर येतात. आधी बाल्कनीत, मग पार्किंगमध्ये, मग ‘पळून गेली’ म्हणून. घरात कोणाला दिवस गेले की मांजर हलवायची घाई होते, कारण टॉक्सोप्लाझ्माची भीती. प्रत्यक्षात मुख्य काळजी साधी आहे. ट्रे रोज साफ करायचा आणि तो गर्भवतीने नव्हे, दुसऱ्या कोणीतरी. विष्ठेतला जंतू संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस लागतो, म्हणून रोज. म्हणजे कित्येकदा मांजर घराबाहेर जातं ते रोगामुळे नव्हे. ‘दुसरं कोणीतरी’ त्या घरात नसतं, म्हणून. प्राण्याला उपाशी मरायला सोडून देणं हा १९६० च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या वेळेचा दंड १० ते ५० रुपये. पिझ्झावरच्या जादा चीजपेक्षा स्वस्त. कायद्याच्या धाकाने कोणी मांजर सांभाळणार नाही. ते सांभाळलं जातं ते घरातल्यांनी कामं वाटून घेतल्यामुळेच.

आणि ज्यांच्या घरात संमती नाही त्यांनी काय करावं? मांजरी वर्षातून दोनतीनदा विते, गाभण काळ जेमतेम दोन महिन्यांचा. सोसायटीतल्या एका मांजरीच्या नसबंदीचा खर्च करा. पिल्लं सांभाळणाऱ्या ताईंचं औषधांचं बिल भरा. आपल्या पगारातून, आपल्या रविवारी. यात आईचे गुडघे कुठेच येत नाहीत. त्याची रील होत नाही, हे मान्य.

दवाखान्यातून आल्यावर त्या रात्री आई म्हणाली, "मला आवडतो रे तो. पण तू विचारलं असतंस तर मी नाही म्हटलं असतं. आणि ते ‘नाही’ माझं होतं." मला उत्तर सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी फ्रीजवर कागद लावला. ट्रे दोन्ही वेळा मी. मी ऑफिसला जातो त्या दिवशी सकाळचा बाबा. माशाची पाकिटं आम्ही दोघं. एकसष्टाव्या वर्षी बाबा पहिल्यांदाच कोणाची तरी घाण काढत आहेत. तक्रार करतात, पण काढतात.

गेल्या महिन्यात त्याच ताईंचा मेसेज आला. दोन पिल्लं आहेत, जोडीने द्यायची आहेत, तुमचं घर चांगलं आहे. फोटोही होता. मी स्वयंपाकघरात गेलो, फोन आईपुढे धरला आणि विचारलं. तिने फोटो नीट बघितला, मोठा करून बघितला. मग म्हणाली, "नाही."

घरातल्या सर्वांची संमती नाही, असं मी ताईंना कळवलं. त्या प्रश्नाला आमच्या घरातून गेलेलं हे पहिलं खरं उत्तर. मग ती रील काढून टाकली.