दरपत्रक भिंतीवर लावा

खासगी रुग्णालयांवर सरकारी नियमन नको, असे म्हणणाऱ्यांचा पहिला आक्षेप ठरलेला आहे: 'इन्स्पेक्टर राज' येईल आणि दहा खाटांची नर्सिंग होम बंद पडतील. ही भीती अगदीच पोकळ नाही. तालुक्याच्या गावी रात्री-अपरात्री दार उघडणारा डॉक्टर अशाच छोट्या दवाखान्यात भेटतो. पण केंद्राच्या 2010 च्या वैद्यकीय आस्थापना कायद्याचे कलम 13 रुग्णालयांची वर्गवारी करून वर्गागणिक वेगळी मानके ठरवू देते. ही मानके आखणाऱ्या राष्ट्रीय परिषदेवर इंडियन मेडिकल असोसिएशनचा प्रतिनिधीही असतो. मानके न्याय्य व्हावीत म्हणून जरूर भांडावे. पण कायदाच नको, हे कशासाठी?

दुसरा आक्षेप, स्पर्धेने दर आपोआप उतरतात. छातीत कळ आलेला माणूस चार ठिकाणी भाव करत फिरत नाही. त्याचा मुलगा अनामत रकमेच्या खिडकीपाशी उभा असतो आणि पुढे बिलात 'कन्झ्युमेबल्स' अशी एक ओळ येते. आत किती हातमोजे वापरले, हे त्याने कसे मोजायचे? औषधलेपित स्टेंट लाखाच्या घरात विकला जाई, तेव्हाही स्पर्धा होतीच. फेब्रुवारी 2017 मध्ये सरकारने किंमत बांधली, तेव्हा कुठे तो 29,600 रुपयांवर आला.

आरोग्य हा राज्यांचा विषय, हे मात्र खरे. म्हणून तर संसदेने हा कायदा राज्यघटनेच्या कलम 252 खाली केला. राज्यांनी ठराव करून तो स्वीकारायचा. महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. आपला 1949 चा नर्सिंग होम नोंदणी कायदा आहे. त्याच्या 2021 च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले. पण दर किती असावा, याला तिथे मर्यादा नाही.

ती घालता येते, हे याच राज्याने कोविडच्या साथीत 21 मे 2020 च्या अधिसूचनेने दाखवले. 80 टक्के खाटांसाठी दर बांधले गेले: वॉर्डात दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागात 7,500, व्हेंटिलेटरसह 9,000. नियम मोडणारे तेव्हाही होते. पण तक्रार करणाऱ्याच्या हातात एक आकडा होता.

तो आकडा साथीपुरता का असावा? विधिमंडळाने केंद्राचा कायदा स्वीकारावा, नाहीतर तितकाच कडक स्वतःचा करावा. आणि वाचकहो, रुग्णालयात गेलात की आधी दरपत्रक कुठे लावले आहे ते विचारा. नसेल तर लेखी तक्रार करा.