दाराआडचा न्याय

आप्तांसाठी वाटेल ते करणारा मनुष्य आपणांस थोर वाटतो. परंतु त्यासाठी कायदा हाती घेणाऱ्यास थोर म्हणावे काय? फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांचा ‘द गॉडफादर’ (१९७२) व त्यावरून स्फूर्ती घेऊन रामगोपाल वर्मा यांनी काढलेला ‘सरकार’ (२००५) हे चित्रपट पाहताना हा प्रश्न टाळता येत नाही.

‘सरकार’मधील सुभाष नागरे हा मुंबईचा मराठी गृहस्थ. ज्यास कोठेही दाद मिळत नाही, तो याच्या दारी येतो आणि तत्काळ न्याय घेऊन जातो. प्रेक्षक मनोमन संतोष पावतो. धोका आहे तो येथेच ! या न्यायात साक्ष नाही, उलटतपासणी नाही, अपील नाही. उद्या आरोप आपल्यावरच आला, तर दाद कोठे मागावी ?

शिवाय शेवट पाहावा. परदेशी शिकून आलेला शंकर सख्ख्या भावास ठार करतो. ‘गॉडफादर’च्या दुसऱ्या भागात (१९७४) मायकेलही भावास मारवतो. घराणे राखण्यासाठी उचललेले शस्त्र अखेर घरातच चालले. विद्या होती, विवेक नव्हता.

न्यायास विलंब लागतो, हे खरे. परंतु त्यावरील उपाय निराळा आहे. पूर्वी उच्च न्यायालयासाठी आपल्या भागातील लोकांस बंगळूरचे खेटे घालावे लागत. वकिलांनी व नागरिकांनी दीर्घ काळ चळवळ केली. २००८ साली धारवाडास फिरते खंडपीठ आले आणि २०१३ साली ते कायम झाले. विद्यार्थिमित्रांनो, न्याय दारी आणण्याचा मार्ग तो हाच !